सुतकातला अंतिम सामना

छत्तीस वर्षे वर्ध्याच्या एका शाळेत मी संस्कृत शिकवले. निवृत्तीलाही आता बराच काळ लोटला. पहाटेचे स्नान, संध्या, देवपूजा आणि दुपारी डोळे थकेपर्यंत वाचन, एवढाच माझा दिवस. अशा माणसाला फुटबॉलविषयी मते असावीत, आणि तीही ठाम असावीत, याचे माझ्या घरच्यांना अजून नवल वाटते. मला मात्र त्यात काही विसंगत वाटत नाही. ज्याने मनापासून एखादे सूत्र घोकले आहे, त्याला नव्वद मिनिटे एका चेंडूमागे मन लावणे कठीण जात नाही.

ही दृष्टी मला आमच्या शाळेच्या व्यायामशिक्षकांनी दिली. त्यांना जाऊन काही हिवाळे झाले. तारुण्यात ते एका गिरणीच्या संघाचे गोलरक्षक होते. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झाली होती आणि त्या करंगळीचा त्यांना अभिमान होता. शाळेत मी त्यांना ‘सर’ म्हणत असे. ते मला ‘पंडितजी’ म्हणत. आरंभी थट्टेने, पुढे सवयीने आणि शेवटी, मला वाटते, मायेने.

आमची ओळख झाली ती आंतरशालेय स्पर्धेत. संघासोबत दुसरा एक शिक्षक पाठवायचा असे, आणि संस्कृतचे तास थोडे म्हणून मुख्याध्यापक मला धाडत. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली मी पुस्तक उघडून बसलो होतो. सर येऊन शेजारी उभे राहिले.

“पंडितजी, मॅच चालू हाय.”

“पाहतो आहे ना,” मी म्हणालो आणि पुस्तक मिटून चेंडूकडे पाहू लागलो.

“बॉलकडे काऊन पायता? बॉल तं कुत्रंबी पायते. ज्याच्यापाशी बॉल नाई ना, त्याले पाहा. तो कुठं धावून राह्यला ते पाहा.”

मी पाहिले. ज्याच्याकडे चेंडू नव्हता आणि येण्याची शक्यताही दिसत नव्हती, असा एक विद्यार्थी डाव्या बाजूने जीव तोडून धावत होता. त्याच्या धावण्याने समोरचे दोघे त्याच्याकडे ओढले गेले आणि मधली जागा मोकळी झाली. त्या मोकळ्या जागेतून दुसऱ्यानेच गोल केला. सगळे त्या दुसऱ्याला उचलून घेत होते. धावणारा एकटाच गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होता. निष्काम कर्माचा एवढा स्वच्छ अर्थ मला भाष्यांत कधी सापडला नव्हता. त्या दिवसापासून मी फुटबॉलचा झालो.

पुढे दर चार वर्षांनी विश्वचषक आला की आम्ही त्यांच्या घरी जमत असू. वर्ध्यालगत पिपरी मेघ्यात त्यांनी घर बांधले तेव्हा भोवती कापसाच्या पऱ्हाटीची शेते होती; आता तिथे दुकाने आणि तीनमजली घरे आहेत. ते बौद्ध. समोरच्या खोलीत बुद्धमूर्ती आणि तिच्याखाली दूरचित्रवाणीचा संच. मी आत शिरताना मूर्तीला हात जोडत असे आणि सर म्हणत, “तथागता, पंडितजी आले, आता टीव्ही लावू देजो.”

इथे एक गोष्ट लपवली तर हे सगळे लिखाण खोटे ठरेल. पहिली कित्येक वर्षे मी त्यांच्या घरी शिजवलेले अन्न खात नसे. परान्न न घेण्याचा नियम मला वडिलांकडून मिळालेला होता आणि तो मी सर्वांच्याच बाबतीत पाळत असे; ब्राह्मणाच्या घरीही पाळत असे. सरांना मी तसे सांगितलेही होते. ते हसले, आत गेले आणि केळी घेऊन आले.

“केळं तं चालते ना? केळ्याले जात नसते.”

मी केळे खाल्ले. माझा नियम सर्वांसाठी सारखा होता, हे खरेच. पण ज्याच्या बापाला असल्याच नियमांनी आयुष्यभर पायरीच्या खाली ठेवले, त्याला तो सारखा कसा दिसणार? हे कळायला मला दोन विश्वचषक लागले. तिसऱ्यात एका सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला असा काही गोल झाला, की मी समोरच्या बशीतले पोहे केव्हा खाल्ले ते मला समजले नाही. बशी रिकामी पाहून सरांच्या पत्नी दारातच थांबल्या. सर म्हणाले, “काही बोलू नको वं, आनखी घेऊन ये.” मी प्रायश्चित्त घेतले नाही. तो नियम तिथेच संपला.

सामना सुरू असताना आमचे वाद होत, आणि माझी बहुतेक मते त्या वादांतच घडली. तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना निरर्थक असतो असे लोक म्हणतात. मला तो सर्वांत प्रिय. चषकाची आशा संपलेली, प्रेक्षक निम्मे घरी गेलेले, तरीही बावीस माणसे दीड तास मनापासून धावतात. फळ हातचे गेल्यावर माणूस कसा वागतो, हे तिथे दिसते.

अलीकडच्या चाहत्यांविषयी मात्र माझे मन कष्टी आहे. आपल्या चौकांतूनही परदेशी खेळाडूंचे मोठमोठे फ्लेक्स लागतात, खाली गल्लीतल्या पंधरा जणांचे फोटो असतात. त्याला माझी हरकत नाही. भक्तीला भूगोल नसतो. पण तोच खेळाडू एक पेनल्टी चुकला की हीच मंडळी फोनवर त्याच्या आईबहिणीचा उद्धार करतात. ज्याच्या मूर्तीला सकाळी हार घातला तिच्यावर संध्याकाळी थुंकायचे, ही कुठल्या पंथाची उपासना?

खरा चाहता मी एकदाच पाहिला. सरांबरोबर अमरावतीहून परतताना आमची गाडी कारंजा घाडगे इथे एका ढाब्यावर थांबली होती. ढाब्यावर सामना लागलेला आणि खाटांवर बंगालचे, केरळचे ट्रकचालक बसलेले. दोन्ही बाजूंची ओरड एवढी, की मालकाने हात जोडले. सामना संपला. हरलेल्या बाजूचा एक दाढीवाला चालक उठला, जिंकलेल्या बाजूच्या चालकापुढे आपले ताट सरकवून म्हणाला, “खाओ भाई, मेरे से नहीं जायेगा.” आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. सर कितीतरी वेळ त्या ट्रककडे पाहत होते.

आमचा सर्वांत जुना वाद नियमाचा होता. आता ऑफसाइड यंत्राने मोजतात. पायाचा अंगठा रेषेच्या पुढे असला तरी गोल रद्द होतो. मला हे क्रूर वाटे. मी म्हणे, नियम माणसासाठी आहे. अंगठ्याएवढ्या चुकीला पंचाने डोळा झाकावा. शास्त्राला करुणेची जोड हवी.

सर एरवी हसत बोलत. या विषयावर ते हसत नसत.

“पंडितजी, तुमाले करुणा आवडते, कारन ती तुमच्या हातात राह्यली. आमाले रूल पायजे. माह्या बापानं शाळेच्या खिडकीबाहेर बसून अक्षरं गिरवली. मास्तरले दया आली म्हून बसू देल्लं. दुसरा मास्तर आला, त्याले नाई आली दया, तं उठवून लावलं. रूल असता तं कोनाच्या बापाले उठवता आलं नसतं.”

मी अंगठ्याची गोष्ट तिथेच सोडली.

पेनल्टीविषयीही आमचा वाद होता. मला तो खेळ वाटत नाही. दोन तासांच्या तपानंतर नाणेफेकीने मोक्ष ठरवावा तसे वाटते. सरांना मात्र तोच खेळाचा प्राण वाटे. “तिथं कोनी कोनाच्या मागं लपत नाई. एक मारनारा, एक अडवनारा. ना खानदान, ना वशिला.” असे म्हणताना ते वाकडी करंगळी नकळत कुरवाळत.

मग तो विश्वचषक आला, जो जून-जुलैऐवजी हिवाळ्यात झाला. त्या दिवाळीतच सरांच्या यकृताचा रोग उघड झाला होता. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितले, की आता महिन्यांचा हिशेब करू नका. सरांना ते कुणी सांगितले नाही आणि त्यांना ते ठाऊक होते. त्यांनी मला एवढेच म्हटले, “फायनल पाहून जाईन म्हन्तो. तुमी येजा. एकट्यानं फायनल पायनं म्हंजे एकट्यानं जेवन्यासारखं हाय.”

मी शब्द दिला. उपांत्य सामने आम्ही एकत्र पाहिले. ते शाल पांघरून पडून असत. मला मोतीबिंदूमुळे पडद्यावरचे अंक आणि चेंडू नीट दिसत नसत, म्हणून ते क्षीण आवाजात मला सामना सांगत.

अंतिम सामन्याच्या तीन दिवस आधी केळझरहून निरोप आला, की माझे चुलतबंधू गेले. वयाने माझ्याहून मोठे, पुष्कळ वर्षांत भेट नाही, पण सपिंड, एकाच कुळातले. दहा दिवसांचे सुतक. आजकाल पुष्कळ लोक तीन दिवसांवर आटोपतात. माझ्या मुलाने तसे सुचवलेही. मी ऐकले नाही. जे आयुष्यभर पाळले ते अखेरीस का सोडा, असा माझा विचार. सुतकात दुसऱ्याच्या घरी जायचे नाही, कुणाला शिवायचे नाही, करमणूक करायची नाही.

मी सरांना फोन केला. ते ऐकून घेऊन म्हणाले, “सुतक तुमच्या घरचं. आमाले त्याचं काई नाई. या.”

“सर, प्रश्न तुमच्या बाजूचा नाही, माझ्या बाजूचा आहे. मी घरात येऊ शकत नाही.”

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, “बरं, घरात नका येऊ. अंगनात खुर्ची टाकतो. टीव्ही खिडकीकडं फिरवतो. तुमाले दिसत नाईच धड, मी आतून सांगत जाईन. तुमचं सुतक बाहेर, आमची मॅच अंदर. आता तं झालं?”

आपल्या बापाची जागा ते मला देऊ करत होते, आणि त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. एका आजारी माणसाने मित्रासाठी शोधलेली ती वाट होती.

“पाहतो,” मी म्हणालो.

त्या रविवारी संध्या आटोपून मी शाल घेतली. फाटकापर्यंत गेलोही. मुलाने स्कूटर बाहेर काढली होती. तेवढ्यात समोरून आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आले आणि त्यांनी विचारले, “केळझरचं कळलं. अस्थी कधी?” मी सांगितले. ते गेले. मी तिथेच उभा राहिलो. भावाच्या अस्थी अजून नदीत पडल्या नाहीत आणि मी दुसऱ्याच्या अंगणात खुर्ची टाकून खेळ पाहतो आहे, हे पाहून उद्या चार लोक काय म्हणतील, हा विचार मनात आला. मी तेव्हा त्याला शास्त्र म्हटले. ती लोकलज्जा होती. शास्त्राने अंगणातल्या खुर्चीला कुठेही मनाई केलेली नव्हती.

मी मुलाला म्हटले, “स्कूटर आत घे.”

फोन करून नाही म्हणायचे धैर्यही मला झाले नाही. देवघराचे दार सुतकामुळे बंद होते. मी त्याच्यासमोर बसून जप करू लागलो आणि जपात मन नव्हते. सामना लांबत होता हे मला गल्लीतल्या ओरडण्यावरून कळत होते. मग एकदम फटाके वाजले. सकाळी वर्तमानपत्रात वाचले, की निकाल पेनल्टीवर लागला.

पुढच्या शुक्रवारी सर गेले.

सुतकाचे दोन दिवस उरले होते. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, “बाबा, काय करायचं?” मी चप्पल घातली. जिवंत मित्रासाठी जो नियम मला मोडता आला नाही, तो मेलेल्या मित्रासाठी मी एका क्षणात मोडला. त्यांच्या घरात शिरलो, त्रिशरण म्हणणाऱ्या मंडळींत बसलो, खांदा दिला. वाटेत कुणीतरी म्हणाले, “पंडितजी, तुम्ही दमाल, द्या इकडं.” मी खांदा सोडला नाही. सरांच्या पत्नींनी माझ्याकडे एकदाच पाहिले. त्या पाहण्यात स्वागत नव्हते.

त्यानंतर पंधरा दिवस मला एकच प्रश्न खात होता. सर माझी वाट पाहत राहिले असतील. मी आलो नाही म्हटल्यावर त्यांनी काय समजावे? तीस वर्षांच्या मैत्रीनंतरही पंडितजी शेवटी पंडितच निघाले, असेच ना? ते मनात घेऊन ते गेले असतील, तर त्या पापाला माझ्या कोणत्याही पोथीत उतारा नव्हता.

शेवटी मी पिपरी मेघ्याला गेलो. दुपार होती. वहिनी ओसरीत तांदूळ निवडत होत्या. मला बसायला सांगून त्यांनी निवडणे चालूच ठेवले. मी विचारले, “वहिनी, सर माझ्यावर रागावून गेले का?”

 त्यांनी सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला.

“भाऊजी, ह्यायनं दुपारपासूनच खुर्ची टाकाले लावली. टीव्ही पोरानं खिडकीकडं फिरवला. थंडी किती होती ते तुमाले मालूमच हाय. मी म्हटलं खिडकी लावते, तं म्हने, लावू नको, पंडितजीले आयकू येनार नाई.”

“वहिनी...”

“आयका ना. मॅच सुरू झाली तं मले म्हने, बाहेर पाहून ये, आले का. मी गेली. कोनीच नोतं. खुर्ची रिकामी. मी तिथं उभी राह्यली. मले काय करावं ते समजेना. अंदर आली आन् म्हटलं, आले. बसले हायेत.”

मी अंगणाकडे पाहिले.

“मंग काय इचारता! असे खुश झाले. खिडकीकडं तोंड करून सारी मॅच सांगत बसले. ‘पंडितजी, डाव्या बाजूनं धावून राह्यला पाहा, त्याच्यापाशी बॉल नाई.’ आवाज निंगत नोता, तरी सांगे. मंधातच म्हने, बाहेर च्या पाठव. मी च्या केला, कप घेऊन गेली, त्या खुर्चीवर बसून मीच पेली आन् रिकामा कप घेऊन अंदर आली. त्यायनं कपात पाह्यलं. म्हने, पेले का? म्हटलं, पेले.”

“आणि पेनल्टी?” मी विचारले.

“एक-एक सांगितली. हा इकडं उडाला, तो तिकडं उडाला. मंग म्हने, ‘पंडितजी बोलत काऊन नाईत?’ मी म्हटलं, आयकून राह्यले. तं हासले. म्हने, ‘पेनल्टी हाय ना, रागावले असतीन.’”

त्यांचा हात सुपात थांबला होता. बाहेर रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी भोंगा वाजवत गेली. तीस वर्षांत मी कुणाला असत्य सांगितले नाही, असा माझा समज होता. माझ्या वाट्याचे असत्य त्या माउलीने थंडीत एका रिकाम्या खुर्चीवर बसून एकटीने बोलून टाकले होते, आणि सर ते घेऊन सुखाने गेले होते. न केलेल्या कर्माचे पुण्य माझ्या नावे लागले होते. ते परत कुठे करावे, ते मला ठाऊक नाही.

“वहिनी, तुम्हाला माझा राग नाही आला?”

“आला ना,” त्या म्हणाल्या. “अजून हाय. पन तो माहा हाय. ह्यायच्यापर्यंत मी तो जाऊ देल्ला नाई.”

मग त्यांनी सूप उचलले आणि त्या आत गेल्या. मी उठलो आणि घरी आलो.